कॉन्व्हेंट, मिशनची शाळा आणि कॉलेजची तयारी



दहावीचा निकाल लागला की आठ-दहा दिवस आमच्या शाळेच्या व्हरांड्यात पालकांची गर्दी असते. दाखला घ्यायला येतात आणि जाता जाता विचारतात, "मॅडम, आता कुठं टाकू?" मागच्या वर्षी एका विद्यार्थिनीचे वडील आले. ऑटो चालवतात. मुलीला विज्ञानात चांगले गुण, पण शिक्षण आमच्याकडे, म्हणजे मराठी माध्यमात. म्हणाले, "मॅडम, पोरीले आता कॉन्व्हेंटच्या कॉलेजात टाकाव म्हंतो. आतापर्यंत नाही जमलं, पण दोन वर्षं तरी."

मी विचारलं, "भाऊ, कॉन्व्हेंट म्हणजे कोणतं?"

ते गोंधळले. खरं सांगायचं तर प्रश्न साधा वाटतो, पण नागपुरात त्याचं उत्तर सोपं नाही. आपल्याकडे गल्लीतल्या नर्सरीलाही कॉन्व्हेंट म्हणतात. देवाच्या, संताच्या, आजोबांच्या नावाचं कॉन्व्हेंट असतं, आणि तिथं ख्रिस्ती धर्माचा काही संबंध नसतो. "पोरगं कॉन्व्हेंटले जाते" याचा विदर्भातला अर्थ एवढाच की ते टाय घालून इंग्रजी बालवाडीत जातं. मूळ शब्दाचा अर्थ मात्र मठ, म्हणजे व्रतस्थ ख्रिस्ती भगिनी एकत्र राहतात ती जागा. त्या भगिनींनी मठाला लागून मुलींसाठी शाळा काढल्या, म्हणून त्या कॉन्व्हेंट शाळा. या अर्थानं पाहिलं तर फादर लोकांनी मुलांसाठी काढलेली शाळा कॉन्व्हेंट नव्हेच! पण लोकांच्या तोंडी शब्द बसला की बसला.

तर आजच्या लेखात आपण पाहूया की नागपुरातल्या कॅथलिक शाळा आल्या कुठून, त्या मुलांची कॉलेजसाठी तयारी करतात म्हणजे नेमकं काय करतात, आणि आपल्या मराठी शाळांतल्या मुलांना त्यातून काय घेता येईल.

आनसी ते कामठी

नागपुरातलं सगळ्यात जुनं कॅथलिक नाव म्हणजे सेंट फ्रान्सिस डी सेल्स. आपण सगळे "एसएफएस" म्हणतो. हे डी सेल्स कोण, हे तिथून शिकून बाहेर पडलेल्या मंडळींनाही पुष्कळदा सांगता येत नाही. जन्म 1567, मृत्यू 1622. ते जिनिव्हाचे बिशप होते, पण राहायचे आनसी या गावी, आजच्या फ्रान्सच्या पूर्वेला, आल्प्स पर्वताच्या कुशीत. तरुणपणी ते ज्या भागात धर्मप्रचाराला गेले तिथं लोक त्यांचं ऐकायला येईनात. मग त्यांनी मजकूर कागदावर लिहून लोकांच्या दाराखालून आत सरकवायला सुरुवात केली. यामुळेच 1923 साली पोपनी त्यांना लेखक आणि पत्रकारांचे संरक्षक संत म्हणून जाहीर केलं. मूल वर्गात ऐकत नसेल तर त्याच्या वहीत चिठ्ठी लिहून ठेवणाऱ्या शिक्षकांना हा माणूस जवळचा वाटेल.

त्यांच्या नावानं 1838 साली आनसीलाच एक धर्मसंघ सुरू झाला. त्या संघाचे पहिले फादर 1845 साली पुदुच्चेरीला उतरले आणि पुढच्या वर्षी विशाखापट्टणमला पोचले. त्यांचं कार्यक्षेत्र तिथून थेट आपल्या मध्य भारतापर्यंत पसरलेलं होतं. नागपूरच्या शेजारी कामठीला 1821 पासून इंग्रजांची छावणी होती. इंग्रजांच्या फौजेत आयरिश कॅथलिक शिपाई पुष्कळ असत, त्यांना पाद्री हवा असे. म्हणून या भागातल्या कॅथलिक मिशनची गोष्ट सांगताना आधी कामठी येते आणि मग नागपूर.

पुढं घटना भराभर घडल्या. 1854 साली भोसल्यांचं राज्य खालसा झालं. 1861 साली मध्य प्रांत तयार झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. 1867 साली मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. राजधानी आली, रेल्वे आली, म्हणजे कचेऱ्या आल्या, आणि कचेरीला इंग्रजी लिहिणारा कारकून लागतोच. अशा काळात, 1870 साली, एसएफएस शाळा सुरू झाली. 1887 साली नागपूरचा धर्मप्रांत विशाखापट्टणमपासून वेगळा झाला, 1953 साली तो महाधर्मप्रांत झाला. 1956 साली एसएफएस कॉलेज निघालं, ते सेमिनरी हिल्सवर. त्या टेकडीचं नावच तिथल्या सेंट चार्ल्स सेमिनरीवरून पडलंय, सेमिनरी म्हणजे फादर होऊ इच्छिणाऱ्यांचं विद्यालय. आपण तिथं फिरायला जातो, पण नावाचा अर्थ कधी विचारत नाही. माजी सरन्यायाधीश शरद बोबडे हे याच कॉलेजचे पदवीधर.

इथं एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आनसीकडून आलेल्या या मंडळींची बोली फ्रेंच होती. इंग्रजी ही त्यांनाही शिकावी लागलेली भाषा. म्हणजे ज्या परंपरेच्या शाळांकडे नागपूर इंग्रजीसाठी दीडशे वर्षं डोळे लावून बसलंय, तिची सुरुवात करणारेच इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकलेले होते. "आमच्या घरी कोणी इंग्रजी बोलत नाही, मग पोराला कसं जमेल?" असं म्हणणाऱ्या पालकांना मी हे आवर्जून सांगते.

आणखी एक गल्लत दूर करूया. ख्रिस्ती नावाची प्रत्येक शाळा कॅथलिक नसते. स्टीफन हिस्लॉप यांनी 1846 साली नागपुरात शाळा काढली, ते स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन चर्चचे होते. त्यांच्या नावाचं हिस्लॉप कॉलेज 1883 चं. बिशप कॉटन शाळा अँग्लिकन परंपरेची. ही मंडळी वेगवेगळ्या पंथांची, व्यवस्थापनं वेगळी, आणि त्यामुळे प्रवेशाचे नियमही एकाचे दुसऱ्याला लागू होत नाहीत. अर्ज भरताना पालक इथंच चुकतात.

"कॉलेजची तयारी" म्हणजे काय?

अमेरिकेत कॅथलिक हायस्कूलच्या पाटीवर "कॉलेज प्रिपरेटरी" असं लिहिलेलं असतं. तिकडं गेलेली आपली मराठी कुटुंबंसुद्धा मुलांना अशा शाळेत घालतात. नववी ते बारावी अशी चार वर्षं. कॉलेजच्या पातळीचे काही विषय शाळेतच शिकता येतात, कॉलेज निवडायला मदत करणारा समुपदेशक असतो, धर्माचा विषय असतो आणि पुष्कळ ठिकाणी ठरावीक तास समाजसेवा केल्याशिवाय शाळा पूर्ण होत नाही. फी भरपूर. पण 1996 साली शिकागोत जेझुइट फादरांनी क्रिस्टो रे नावाची शाळा सुरू केली, तिथं गरीब घरची मुलं महिन्यातले पाच दिवस एखाद्या ऑफिसात काम करतात आणि त्या मोबदल्यातून फीचा मोठा भाग भागतो. हा नमुना पुढं अमेरिकेतल्या अनेक शहरांत गेला.

आपल्याकडे ही पाटी नाही, पण काम तेच होतं. नागपूरच्या जुन्या हायस्कुलांचं सगळं लक्ष एन्ट्रन्सवर असे. एन्ट्रन्स म्हणजे विद्यापीठाची प्रवेश परीक्षा, तीच पुढं मॅट्रिक झाली. नागपूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं 1923 साली. त्याआधी इथली कॉलेजं आधी कलकत्ता आणि नंतर अलाहाबाद विद्यापीठाशी जोडलेली होती. विचार करा, घरी मराठी, बाजारात हिंदी, आणि परीक्षा कलकत्त्याची!

मग 10+2+3 आलं. महाराष्ट्रात नव्या पद्धतीची दहावी 1975 साली झाली आणि अकरावी-बारावी नावाची दोन वर्षं शाळा आणि कॉलेजच्या मधे लटकली. नाव कनिष्ठ महाविद्यालय, नियम शाळेचे, आणि मुलांच्या मनात मात्र पूर्ण कॉलेज. गणवेश सुटतो, गाडीची चावी हातात येते, आणि "आता कोण विचारते" असं होऊन जातं. अमेरिकेतली शाळा ज्या दोन वर्षांत मुलाला सगळ्यात घट्ट धरते, त्याच दोन वर्षांत आपण त्याला सोडून देतो असं माझं स्पष्ट मत आहे.

या शाळांत जाऊन पाहिलं तर

शेजारच्या मिशनच्या शाळेत मी परीक्षेच्या कामासाठी अनेकदा गेलेय. तिथं काही जादू नाही. वाचनालयाचा तास वेळापत्रकात असतो आणि तो गणिताच्या सरांना दिला जात नाही, एवढंच. प्रयोगवही मूल स्वतः लिहितं. वादविवाद, पाठांतर, स्टेजवर उभं राहणं हे स्नेहसंमेलनापुरतं नसतं. हाऊस असतात, आणि हाऊसचा कॅप्टन नेहमी पहिला नंबरवालाच असेल असं नाही. मूल्यशिक्षणाचा तास सगळ्यांना, धर्मशिक्षणाचा तास कॅथलिक मुलांना वेगळा, अशी विभागणी मी पाहिली.

या धर्मशिक्षणाबद्दल पालक हळू आवाजात विचारतात, म्हणून मोठ्यानं सांगते. राज्यघटनेच्या कलम 28 च्या तिसऱ्या भागात लिहिलंय की शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत शिकणाऱ्या कोणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षण किंवा उपासना सक्तीची करता येत नाही. आणि कलम 30 नं अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिलाय. दोन्ही कलमं एकत्र वाचावीत.

कलम 30 चा एक परिणाम खिशाला लागतो. आरटीईच्या 25 टक्के जागा या शाळांत मिळत नाहीत. 2014 च्या प्रमती खटल्यात सुप्रीम कोर्टानं हा कायदा अल्पसंख्याक संस्थांना लागू नाही असं म्हटलं. 2025 साली कोर्टाच्याच दोन न्यायाधीशांच्या पीठानं त्या निकालाबद्दल शंका व्यक्त करून विषय मोठ्या पीठापुढे नेण्यासाठी सरन्यायाधीशांकडे दिला. मला वैयक्तिक विचाराल तर गरिबांच्या सेवेसाठी निघालेल्या शाळांनी कायद्याची वाट न पाहता या जागा द्याव्यात. काही संस्था फी माफ करतातही, पण ते त्यांच्या मर्जीवर असतं, हक्क म्हणून मागता येत नाही.

अकरावीचा अर्ज

अकरावीचं तसं नाही. केंद्रीय ऑनलाइन प्रवेश नागपूर शहरात 2017 पासून आहे, आता सगळ्या राज्यात आहे. अर्जाचे दोन भाग, पहिल्यात माहिती, दुसऱ्यात पसंतीची कॉलेजं, जास्तीत जास्त दहा. अल्पसंख्याक संस्थेत निम्म्या जागा त्या समाजासाठी, दहा टक्के इनहाऊस म्हणजे त्याच संस्थेच्या शाळेतल्या मुलांसाठी, पाच टक्के व्यवस्थापनाच्या. उरलेल्या जागा गुणवत्तेवर सगळ्यांना खुल्या. संस्थेनं रिकाम्या राहिलेल्या कोट्याच्या जागा परत केल्या तर त्याही केंद्रीय फेरीत येतात. म्हणून पहिल्या फेरीचा कटऑफ पाहून नाराज होऊ नका. बायफोकल हवं असेल (इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स वगैरे, 200 गुणांचं) तर अर्जातच नोंदवावं लागतं. ते घेतलं की दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सुटतो. तो विषय जीवशास्त्र असेल तर डॉक्टर व्हायचं स्वप्न आधी नीट तपासून घ्या!

पण आमच्या ऑटोवाल्या भाऊंची अडचण वेगळीच होती. त्यांना कोणीतरी एक पॅकेज सांगितलं होतं. नाव एका कॉलेजचं, शिकवणी एका क्लासची. कॉलेजात जायचंच नाही, थेट क्लासला जायचं, बारावीचा फॉर्म कॉलेजकडून भरला जाईल. आपण याला "टाय-अप" म्हणतो. दोन वर्षांची रक्कम ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला. भाऊ म्हणाले, "मॅडम, ऑटो विकावा लागंल, पण पोरगी डॉक्टर होईल ना?"

माझा एक जुना विद्यार्थी असाच गेला होता. हुशार पोरगा. दोन वर्षं त्यानं प्रयोगशाळा पाहिली नाही. भौतिकशास्त्राच्या 100 गुणांत 70 लेखी आणि 30 प्रात्यक्षिकाचे असतात. रसायन आणि जीवशास्त्राचंही तसंच. प्रात्यक्षिकाला बाहेरचे परीक्षक आले, त्यांनी व्हर्नियर कॅलिपर हातात दिला आणि याला तो धरता येईना. गुण कसेबसे मिळाले. पुढं जेईईत बरा गुणांक आला, पण एनआयटीसाठी बारावीला 75 टक्के लागतात किंवा बोर्डातल्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये यावं लागतं. याचं दोन टक्क्यांनी हुकलं. आजही भेटला की हसून सांगतो, पण ते हसू मला पाहवत नाही. शासनानं 2018 साली विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला तो याच प्रकारामुळे. पुढं काय झालं ते आपण सगळे जाणतो.

क्लास वाईट असं मी म्हणत नाही. एमएचटी-सीईटीत 80 टक्के भर बारावीवर आणि 20 टक्के अकरावीवर, चुकलं तर गुण कापत नाहीत. नीटमध्ये 180 प्रश्न, 720 गुण आणि चुकीला एक गुण वजा. या दोन परीक्षांची खेळी वेगळी आहे आणि ती क्लास शिकवतो. मात्र कॉलेजात गेल्यावर पाठ्यपुस्तकाचं एक पान एकट्यानं वाचून समजून घेणं, निरीक्षण स्वतःच्या शब्दांत लिहिणं, समजलं नाही तर हात वर करणं, हे त्या पॅकेजमध्ये येत नाही. चांगल्या शाळा, मग त्या मिशनच्या असोत की आपल्या, हेच शिकवतात.

मराठी माध्यमातल्या मुलांसाठी

आता शिक्षकांसाठी, आणि लेखाचा हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे. आमची मुलं इंग्रजी कॉलेजात गेली की पहिले तीन महिने बुडतात. विषय कठीण असतो म्हणून नाही. संकल्पना डोक्यात असते, पण तिच्या नावाची पाटी बदललेली असते. संवेग म्हणजेच मोमेंटम, त्वरण म्हणजे ॲक्सिलरेशन, अपवर्तन म्हणजे रिफ्रॅक्शन, संयुजा म्हणजे व्हॅलन्सी, क्षपण म्हणजे रिडक्शन, गुणसूत्र म्हणजे क्रोमोसोम. मुलगी वर्गात बसून विचार करते की हे नवीन काहीतरी आलं. आलेलं काही नसतं, तिनं ते नववीतच केलेलं असतं.

म्हणून मी दहावीच्या दिवाळीनंतर रोज शेवटची पाच मिनिटं फळ्यावर चार शब्दांची जोडी लिहिते. मार्चपर्यंत तीनेकशे शब्द होतात. घोकून घेत नाही. जोडीतला एक शब्द घेऊन वाक्य करायला सांगते. यातून मजेशीर गोष्टी निघतात. इंग्रजीत "सेल" एकच, पण मराठीत शरीरातली ती पेशी आणि टॉर्चमधला तो विद्युतघट. आमच्या मुलांचा इथं गोंधळ होत नाही, इंग्रजीवाल्यांचा होतो! उलट "रिडक्शन" म्हटलं की मुलांना काहीतरी कमी झालं असं वाटतं, "क्षपण" म्हटलं की काहीच वाटत नाही, मग ऑक्सिजन जाणं आणि इलेक्ट्रॉन येणं हे पुन्हा समजवावं लागतं. एकदा एक पोरगी मिशनच्या कॉलेजातून पहिल्या आठवड्यात परत आली आणि म्हणाली, "मॅडम, नोटीस बोर्डावर मास होता, मी समजली वस्तुमानाचा जादा तास हाय." ती चर्चमधल्या प्रार्थनेची सूचना होती.

दुसरी गोष्ट प्रयोगाची. आमच्याकडे साधनं कमी. तरी दहा मुलांत एक मोजपट्टी, एक लंबक, एक भिंग एवढं जमतंच. मी प्रयोगाचं लेखन इंग्रजीत फक्त चार ओळींत मागते: काय घेतलं, काय केलं, काय दिसलं, कुठं चूक झाली असेल. चौथी ओळ लिहायला मुलं सगळ्यात जास्त कचरतात. तिथं खाडाखोड केली तरी मी गुण कापत नाही.

भाऊंना मी कॉलेजचं नाव सुचवलं नाही. एवढंच म्हटलं की ज्या दोन जागी टाकायचा विचार आहे, तिथं मुलीला घेऊन जा आणि प्रयोगशाळा उघडून दाखवा म्हणा. चार दिवसांनी त्यांचा फोन आला.

"मॅडम, एका जागी चावीच नाही भेटली. शिपाई म्हणे, साहेबांकडं हाय, साहेब सुट्टीवर हायेत. दुसऱ्या जागी सिस्टर सोताच घेऊन गेल्या. पोरीनं सूक्ष्मदर्शकात कांद्याची पापुद्री पाह्यली. घरी आल्यापासून तेच सांगून राह्यली."

"मग अर्जात पहिलं नाव कोणतं टाकलं?"

"तेच तं विचाराले फोन केला. ते नाव पहिल्या नंबरवर टाकू, का दुसऱ्या? कटऑफ थोडा वर हाय."

"पहिल्या नंबरवर टाका भाऊ," मी म्हटलं, "आणि बाकीचे नऊही भरा."